मामांचं मिग आणि पोळीची फॉइल

आमच्या घरी पोळ्यांच्या डब्यासाठी आणलेला फॉइलचा एक रोल दोन महिने सहज पुरतो. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र तो पंधरा दिवसांत संपायला लागला. पहिल्यांदा संशय आला तो माझ्या मुलीवर, कारण तिसरीतली मुलं फॉइलचे चेंडू करतात हे सर्वश्रुत आहे. मग एका रविवारी आईने मला जेवणाच्या टेबलावर पकडलं. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर भिंग, हातात सर्जिकल ब्लेड आणि समोर दहा सेंटिमीटर रुंदीचं एक विमान. "पोळ्या गुंडाळायची फॉइल तू विमानाला गुंडाळतोस?" तिने विचारलं. मी म्हणालो, "आई, हे मामांचं मिग आहे." त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन रोल होते, एकावर स्केचपेनने लिहिलेलं: "स्वयंपाक".

मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. आयटीआय करून १९७० मध्ये ते ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर हे ओझर आहे. तोच रस्ता पुढे आपल्या मध्य प्रदेशात उतरतो, त्यामुळे लहानपणी मला मामांचं गाव आणि आपला प्रांत एकाच दोरीने बांधलेले वाटायचे. सुट्टीत ओझरला गेलो की गच्चीवरून विमानं बघायची. मामा वर बघायचेसुद्धा नाहीत. आवाजावरून सांगायचे, आज कुठलं उडतंय.

मी स्वतः बीई आणि सॉफ्टवेअरमधला. दिवसभर जे बनवतो ते हाताला लागत नाही. बहुधा म्हणूनच सहा-सात वर्षांपूर्वी मला प्लॅस्टिकच्या विमानांच्या किटचा नाद लागला. भाग कापायचे, चिकटवायचे, फटी भरायच्या, रंगवायचं. दोन वर्षांपूर्वी मी १:७२ प्रमाणातलं मिग-२१ केलं आणि त्यावर चंदेरी स्प्रे मारला. तीन हात मारले. मला ते फारच छान वाटलं होतं. मामा भाऊबीजेला भोपाळला आले तेव्हा मी ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी फिरवून फिरवून पाहिलं, चाकं मोजली आणि म्हणाले, "मंगल कार्यालयातल्या खुर्चीसारखं झालंय रे. हा रंग आहे. धातू कुठंय?"

वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते बरोबर होते आणि का बरोबर होते हे कळायला मला बराच वेळ लागला.

चंदेरी रंग म्हणजे पारदर्शक द्रवात मिसळलेली ॲल्युमिनियमची बारीक चकतीसारखी पूड. सुकताना या चकत्या कशाही पडतात, कुणी सपाट, कुणी तिरकी. त्यामुळे प्रकाश सगळ्या दिशांना सारखाच पसरतो आणि विमान कुठूनही बघा, एकसारखं राखाडी-चंदेरी दिसतं. खरा पत्रा तसा वागत नाही. तो एका कोनातून लख्ख चमकतो, मान जराशी वळवली की काळपट होतो, आणि शेजारचा पत्रा नेमका उलटं करतो. कारण ते दोन वेगळे पत्रे असतात. एक कारखान्यातल्या रोलरमधून उभा निघालेला, दुसरा आडवा कापून बसवलेला. एक पातळ, दुसरा जाड. एकाला जास्त उष्णता सोसावी लागलेली. म्हणून न रंगवलेल्या विमानाच्या जुन्या फोटोत अंगभर ठिगळं दिसतात. गोधडीच म्हणा ना, फक्त सगळी ठिगळं चंदेरी.

इथे थोडं मामांच्या कारखान्याबद्दल. भारतीय हवाई दलात मिग-२१ आलं १९६३ मध्ये, चंदीगडला, २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं हे आपलं पहिलं लढाऊ विमान, म्हणून त्या स्क्वाड्रनला 'फर्स्ट सुपरसॉनिक्स' असं नाव पडलं. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ही विमानं इथेच बनवायची म्हणून ओझरचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा आणि अंग ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी होती. आधी सोव्हिएत संघातून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू एकेक गोष्ट इथे करायची, असं करत १९७० च्या ऑक्टोबरात कच्च्या मालापासून इथे घडवलेलं पहिलं मिग-२१ हवाई दलाला मिळालं. त्या प्रकाराचं नाव एफएल. ओझरहून पुढे एम आणि बिस हे प्रकारही निघाले. सगळे मिळून सहाशेहून जास्त मिग-२१ भारतात बनली.

मामा लागले ते नेमके त्या वर्षी. पंखांच्या जोडणीत, रिव्हेट मारायला. रिव्हेटचं काम दोघांचं असतं. एक जण बाहेरून रिव्हेट गन चालवतो, दुसरा आत हात घालून रिव्हेटच्या शेपटीशी लोखंडाचा ठोकळा धरतो. त्या ठोकळ्याला 'डॉली' म्हणतात. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही. मग आतला माणूस पत्र्यावर टकटक करून खूण करतो. मामांच्या जोडीची खूण अशी होती: एकदा टकटक म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे झालं. पहिली दोन वर्षं मामा डॉलीच धरत होते.

आणि एफएलची ही विमानं सुरुवातीला न रंगवता उडायची, उघड्या धातूची. नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं, कारण त्यांच्या आत रडार आणि अँटेना असतात आणि धातूतून रेडिओ लहरी जात नाहीत. बाकी सगळं चांदीसारखं लखलखीत, त्यावर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ. १९७१ च्या युद्धात अनेक विमानं हिरव्या-मातकट रंगांत लपवली गेली. नंतरच्या काळात रंग बदलत राहिले. मामांच्या डोळ्यांसमोर मात्र मिग म्हणजे तेच, १९७० चं, जिगमधून नुकतं उतरवलेलं.

तर रंग जमत नसेल तर धातूच लावावा, ही कल्पना माझी नव्हे. जगभरचे मॉडेलवाले कितीतरी दशकं हे करत आलेत. पाठीला गोंद असलेली खास पातळ फॉइलही विकत मिळते. पण परदेशातून मागवायची, महाग पडणार, आणि पहिल्या दहा चुका तर करायच्याच होत्या. म्हणून मी घरच्या फॉइलपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तीच वापरली. त्यामागे एक हिशोबही आहे, तो मला फार आवडतो. आपल्या घरगुती रोलवर जाडी लिहिलेली असते, बहुतेक ११ मायक्रॉन. १:७२ च्या मॉडेलवर तिला ७२ ने गुणा. ७९२ मायक्रॉन, म्हणजे ०.८ मिलिमीटर. विमानाच्या अंगावरचा खरा पत्रा साधारण या घरातलाच, मिलिमीटरच्या आसपास. पोळीची फॉइल ही जणू बरोब्बर मापाचा पत्रा आहे! एसीच्या पाइपांवर लावतात ती चिकट ॲल्युमिनियम टेप मी आधी वापरून पाहिली होती. ती पन्नासेक मायक्रॉनची. ७२ ने गुणलं की साडेतीन मिलिमीटरहून जास्त. प्रत्येक पॅनलच्या कडेला पायरी दिसायला लागली, विमान कमी आणि रणगाडा जास्त.

दुसऱ्या टोकाला मिठाईवरचा वर्ख. भोपाळमध्ये राहून तो मोह न होणं कठीण, कारण बर्फीवर तो रोज दिसतो. एक मायक्रॉनहूनही पातळ. मी श्वास सोडला आणि तो माझ्या मिशीवर जाऊन बसला. शिवाय चांदी काळी पडते, ॲल्युमिनियम पडत नाही. त्याच्यावर हवेत लगेच ऑक्साइडचा एक पारदर्शक थर बसतो आणि तोच त्याला जपतो. वर्खाचा नाद सोडला आणि बर्फी खाल्ली.

फॉइल लावण्याआधी प्लॅस्टिक किती गुळगुळीत हवं, याची कल्पना पहिल्या प्रयत्नात येत नाही. रंग लहानसहान ओरखडे झाकतो, फॉइल ते दाखवून देते. एक धुळीचा कण खाली राहिला तरी वर फोड येतो आणि तो फोड बरोबर प्रकाशात चमकतो. जोडाची फट पुट्टीने भरायची, वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. मी ८०० नंबरपासून सुरू करून २५०० पर्यंत गेलो. हे कागद गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात त्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतात. ब्लेडं घेतली हमीदिया रुग्णालयाजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून: तीन नंबरचं हँडल आणि अकरा नंबरची पाती. दुकानदाराने विचारलं, "डॉक्टर साहब?" मी मान हलवली, हो की नाही ते त्यालाच ठरवू दिलं. पातं नवंच लागतं. बोथट पातं फॉइल कापत नाही, ओढतं आणि फाडतं. माझी एका विमानाला अकरा पाती लागली.

मग गोंद. इथे माझे तीन आठवडे गेले. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावला. फॉइल बसली, छान दिसली, सकाळी तिच्याखाली ओले फुगे. विचार केल्यावर लाज वाटली. गोंदातलं पाणी उडून जायला वाट हवी. वर धातू, खाली प्लॅस्टिक, जाणार कुठे? त्यावर उपाय असा की गोंद आधी फॉइलच्या पाठीवर लावून पूर्ण सुकू द्यायचा आणि तरीही तो चिकट राहायला हवा. असा गोंद मुद्दाम बनवलेला मिळतो. फ्रेमवाले आणि सोन्याचा मुलामा देणारे कारागीर वर्ख चिकटवायला असाच, सुकूनही चिकट राहणारा द्रव वापरतात. मऊ ब्रशने पातळ, एकसारखा हात मारायचा. आधी तो दुधाळ दिसतो, मग पारदर्शक होतो. पारदर्शक झाला की वेळ झाली. भोपाळच्या ऑगस्टमध्ये या पायरीला अर्धा तास जास्त लागतो, हे अनुभवाने सांगतो. पण एक फायदाही होता. पावसाळ्यात स्प्रे मारला की रंगावर दमटपणाने पांढुरकी छटा येते. फॉइलला त्याचं काही नाही.

तुकडा पॅनलपेक्षा थोडा मोठा कापायचा, चिमट्याने हलकेच ठेवायचा आणि मधून कडेकडे बोटाने दाबत जायचं. त्यानंतर कानात घालायच्या कापसाच्या काडीने घोटायचं. घोटणं हाच खरा भाग आहे. फॉइल आधी नुसती वर ठेवलेली दिसते. घोटत गेलं की एका क्षणी ती खाली 'बसते', प्लॅस्टिकवर कोरलेल्या पॅनलच्या रेघा तिच्यातून वर येतात आणि मग ती फॉइल राहत नाही, विमानाचं अंग होते. त्या रेघेत ब्लेडचं टोक ठेवून, अजिबात जोर न देता, जादाची फॉइल कापून काढायची. चुकलं तर तेवढं पॅनल सोलून दुसरं लावायचं. रंगात ही सोय नाही. रंगात एक चूक म्हणजे अख्खं विमान धुवा. आमच्या धंद्यात यालाच एकेक मॉड्यूल वेगळं ठेवणं म्हणतात, आणि ते किती सुखाचं असतं हे मला ऑफिसपेक्षा या टेबलावर जास्त कळलं.

मिगचे पंख त्रिकोणी आणि बरेचसे सपाट, तिथे काम भराभर झालं. छळलं ते नाकाने. तिथे हवा आत घेणारं गोल तोंड आहे आणि त्याची कड दोन्ही बाजूंनी वळलेली. सपाट कागद चेंडूवर बसवायचा प्रयत्न केलाय कधी? चुण्या पडणारच. एकसंध तुकडा मी आठ वेळा लावला, आठही वेळा सोलला. शेवटी संत्र्याच्या सालीसारख्या अरुंद पट्ट्या कापून शेजारी शेजारी लावल्या. घरगुती फॉइल मऊ असते, थोडी ताणली जाते, बारीक चुण्या टूथपिकच्या गोल टोकाने घोटून मिटतात. तरी वरच्या बाजूला एक चुणी आहेच. ती मी कुणाला दाखवत नाही.

आता त्या ठिगळांचं. फॉइलच्या एका बाजूला चकाकी आणि दुसरी बाजू मंद का असते, असं मुलीने विचारलं आणि मला ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं. फॉइल शेवटच्या फेरीत इतकी पातळ होते की एकटी रोलरमधून काढली तर फाटेल, म्हणून दोन फॉइली एकत्र घालतात. ज्या बाजू गुळगुळीत पोलादी रोलरला लागतात त्या चमकतात, ज्या एकमेकींना लागतात त्या मंद राहतात. म्हणजे एका रोलमध्ये दोन धातू फुकट! तिसरी छटा वॉटर पेपरने: फॉइल काचेवर ठेवून २००० नंबरच्या कागदाने एकाच दिशेने चार-पाच वेळा ओढायची, की पत्र्याला 'रेघ' येते. ही रेघ एका पॅनलवर उभी आणि शेजारी आडवी ठेवली की त्याच फॉइलचे दोन वेगळे पत्रे दिसतात. मान वळवली की एक उजळतो, दुसरा विझतो. मामांच्या खुर्चीच्या शेऱ्याला हे उत्तर होतं आणि ते सापडलं त्या रात्री मी बायकोला उठवून दाखवलं. तिने "छान आहे" म्हटलं आणि दिवा बंद केला.

चौथी छटा मात्र आईने दिली. विमानाचा मागचा भाग, जिथून इंजिनाचा जाळ निघतो, तिथला धातू तापून काळवंडलेला हवा होता. परदेशातले काही मॉडेलवाले त्यासाठी फॉइल अंड्यांबरोबर उकळतात, असं वाचलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. पण तुमच्याही घरी ॲल्युमिनियमच्या कुकरच्या तळाशी पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकत असतील, नाही का? का टाकतात? नाहीतर कुकर आतून काळा होतो म्हणून. मग हेच तर मला हवं होतं! मी फॉइलचे तुकडे कुकरच्या पाण्यात सोडले. काहीच झालं नाही. आईने सवयीने लिंबाची फोड टाकली होती. आंबटपणा तो काळा थर धरूच देत नाही. दुसऱ्या दिवशी एका जुन्या पातेल्यात साधं नळाचं पाणी घेऊन वीस मिनिटं उकळलं. फॉइल आधी पिवळसर, मग धुरकट राखाडी होत गेली. गरम पाण्यात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जाड थर चढतो आणि रंग बदलतो, एवढंच त्यामागचं रसायन. दहा, पंधरा, वीस मिनिटांनी तुकडे काढले आणि इंजिनाच्या तोंडाकडे गडद होत जाणाऱ्या पट्ट्या मिळाल्या.

रिव्हेटच्या बाबतीत माझं आणि मामांचं फोनवर भांडण झालं. फॉइलवर बोथट सुईने ठिपके देऊन रिव्हेटच्या ओळी काढता येतात आणि फोटोत त्या फार भारी दिसतात. मी मोठ्या हौसेने एका पंखावर काढल्या आणि फोटो पाठवला. मामांचा लगेच फोन. "अरे इंजिनिअर, आम्ही डोकी पत्र्यात सपाट बसवायचो. बोट फिरवलं तर लागता कामा नये. तू तर पंखाला देवी आणल्यास." मी हिशोब केला. पाच मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं १:७२ मध्ये ०.०७ मिलिमीटर, केसाएवढं. माझे ठिपके त्याच्या पाचपट होते. तो पंख सोलला.

या सगळ्याला घाई होती, कारण जुलैमध्ये बातमी आली होती की मिग-२१ सप्टेंबरात कायमचं निवृत्त होणार. एफएल प्रकार २०१३ च्या डिसेंबरात बंगालमध्ये कलाईकुंड्याला आधीच निवृत्त झाला होता, आता शेवटची बिसही जाणार होती. बातमीखालच्या मजकुरात पुन्हा तोच शब्द होता, 'उडती शवपेटी'. मामांच्या घरी हा शब्द कुणी उच्चारत नाही. मी लहान असताना त्यांच्याकडे पेपर आधी मामी वाचायच्या, आणि कधी कधी आतलं एक पान नसायचं.

आकडे लपवण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की घेतलेल्या सगळ्या प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा जीव गेला. त्यातले काही आपल्याच घरांतले होते. २००१ च्या सप्टेंबरात राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मुलाच्या नावावरचा ठपका आणि विमानांची सुरक्षा, या दोन्हींसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. टेबलावर चकाकणारं विमान घडवताना मला हे आठवत होतं. आपण एका जीवघेण्या यंत्राला चांदीचा वर्ख तर लावत नाही ना?

एका रात्री मी मामांना हे विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच. बराच वेळ फोनवर पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "अपघाताची बातमी आली की आम्ही नंबर शोधायचो. विमान कुठल्या वर्षाचं, कुणाच्या पाळीतलं. कुणी बोलायचं नाही, पण प्रत्येक जण शोधायचा." मग थोड्या वेळाने: "पंख माझे होते. पंखामुळे पडलं असं कधी ऐकलं नाही. पण ऐकलं नाही म्हणजे नव्हतंच असं कसं म्हणू?" आणि मग विषय बदलून, शेपटीचा जोड नीट दाखव म्हणाले. मिगचं इंजिन काढायचं तर मागचं अर्धं अंगच सोडवून मागे घ्यावं लागतं, तो जोड अंगाभोवती गोल फिरतो, तिथली फॉइल एकसंध लावू नकोस. मी लावली होती. त्या रात्री ती सोलली आणि जोडावर कापून पुन्हा लावली. यानंतर 'चांदीचा वर्ख' हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही, पण हात थांबले नाहीत. विमान जसं होतं तसं करायचं, ठिगळांसकट, एवढंच ठरवलं.

२६ सप्टेंबरला चंदीगडला शेवटचा कार्यक्रम झाला. जिथे आलं तिथूनच गेलं. विमानांवर पाण्याचे फवारे उडवून सलामी दिली, ती मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करून पाहिली. मामांनी टीव्ही लावला नव्हता असं मामींनी सांगितलं. ते गच्चीवर वाळवण गोळा करत होते. मॉडेल तेव्हा पूर्ण झालं नव्हतं. खंडेनवमीला आईने देवापुढे ब्लेड, चिमटा आणि वॉटर पेपर मांडले, त्यावर हळद-कुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर वर्तुळं आणि झेंडे चिकटवले आणि नाकाचा शंकू हिरवा केला. एवढाच रंग अख्ख्या विमानावर.

भाऊबीजेला मामा पंजाब मेलने आले. शहात्तर वर्षं, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली. ओवाळून झालं, आईला पाकीट दिलं, चकली खाल्ली. मग स्वतःच म्हणाले, "आण." मी मिग त्यांच्या हातात दिलं. ते खिडकीशी गेले. आमच्याकडे सकाळी तिथे सरळ ऊन येतं. त्यांनी विमान हळूहळू वळवलं, पंख उजळले, विझले, अंगावरचे तुकडे एकेक करून चमकले. ते काही बोलेनात. मुलीला राहवलं नाही. "आजोबा, मंगल कार्यालयातली खुर्ची?" ते हसले. "नाही गं."

मग त्यांनी उजव्या पंखावर नख ठेवलं. "ही दोन शेजारची एकदम चमकतायत. एकाच पत्र्याची नव्हती ती." खरंच, घाईत मी दोन्ही पॅनलांची रेघ एकाच दिशेने ठेवली होती. चार महिन्यांत मला ते दिसलं नव्हतं.

त्यांनी घड्याळ काढून ठेवलं आणि खुर्ची ओढली. मी ते एक पॅनल सोललं, नवी फॉइल घासून दिली, गोंद पारदर्शक व्हायची वाट पाहिली. त्यांचा हात थोडा कापतो, म्हणून कापायचं काम मी केलं आणि पंख खालून दोन बोटांनी घट्ट धरला. वरून त्यांनी कापसाच्या काडीने घोटायला सुरुवात केली. बराच वेळ घोटत होते. मग थांबले आणि काडीच्या मागच्या टोकाने टेबलावर दोनदा टकटक केलं.

ते पॅनल कडेला किंचित वाकडं बसलंय. मी ते तसंच ठेवलंय.